वकांडेकर की वकांडकर?

आटपाट नगराचा राजा आपल्याला माहीत आहे, त्याची आवडती-नावडती राणी माहीत आहे, घेतला वसा कुणी टाकला तेही माहीत आहे. पण आटपाट नगरात राहणाऱ्या माणसाला म्हणायचं काय? आटपाटकर? आटपाटी? आटपाटनगरनिवासी? कहाणी सांगणाऱ्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिच्या गोष्टीत नगर एकच. 'तुम्ही कुठले?' असं विचारणारा दुसऱ्या गावचा माणूस गोष्टीत शिरला, की मगच असलं नाव लागतं.

कल्पित देश रचणाऱ्या लेखकांची मात्र यातून सुटका नाही. नकाशा काढून झाला, नद्या-डोंगरांची बारशी झाली, राजघराण्याची सात पिढ्यांची वंशावळ लिहून झाली. मग पहिल्याच लढाईत गाडी अडते. डोंगरावरून चाल करून आले... कोण आले? रहिवाशांच्या अशा नावाला इंग्रजीत 'डेमोनिम' म्हणतात. पॉल डिक्सन यांच्या १९९७ च्या 'लेबल्स फॉर लोकल्स' या पुस्तकाने हा शब्द रुळवला. म्हणजे शब्द तसा कालचा, पण खटाटोप फार जुना. आणि त्यात खरी मजा अशी, की देशाचं नाव लेखक ठेवतो, पण माणसांचं नाव त्यांचं त्यांनी ठेवलं की शेजाऱ्यांनी चिकटवलं, यावरून त्या देशाची निम्मी गोष्ट कळते.

प्रत्ययांचा बाजार

इंग्रजीतला सगळ्यात स्वस्त माल म्हणजे '-अन' आणि '-इयन'. नार्नियाचा नार्नियन, क्रिप्टनचा क्रिप्टोनियन, टिनटिनच्या सिल्डाव्हियाचा सिल्डाव्हियन. लावला प्रत्यय, झालं काम. पण सी. एस. लुईसने नार्निया हे नाव घेतलं ते इटलीतल्या नार्नी या खऱ्याखुऱ्या गावाच्या लॅटिन नावावरून, आणि तिथले रहिवासी स्वतःला नार्नेसी म्हणवतात. खऱ्या नार्नियात नार्नियन कुणीच नाही!

या बाबतीत हात सैल सोडावा तर 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या जॉर्ज आर. आर. मार्टिनने. त्याच्या नकाशावरच्या शहरांची हजेरी घ्या: ब्राव्होसचे ब्राव्होसी, पेंटॉसचे पेंटॉशी, व्हॉलँटिसचे व्हॉलँटीन, कोहोरचे कोहोरिक, मिरचे मिरिश, मीरीनचे मीरीनीज. एकाला एक प्रत्यय लागेल तर शपथ. संपादकाने वैतागून निळी पेन्सिल उचलावी असा हा प्रकार, पण खरं जग असंच विस्कटलेलं असतं. मँचेस्टरचा माणूस मँक्युनियन, ग्लासगोचा ग्लास्वीजियन, आणि लिव्हरपूलचा चक्क लिव्हरपडलियन. 'पूल' म्हणजे तळं. कुणीतरी थट्टेने त्याचं 'पडल' म्हणजे डबकं केलं आणि लोकांनी ते अभिमानाने मिरवलं. ज्या कल्पित जगात सगळ्या देशांना एकच प्रत्यय लागतो, ते जग एका दुपारी बसून रचलंय हे लगेच कळतं.

मार्टिनने आणखी एक गोष्ट हुशारीने केली. इंग्रज कानाला '-ई' म्हणजे पूर्वेकडचा माणूस: इराकी, पाकिस्तानी, बांगलादेशी. त्याच्या कथेतल्या वेस्टेरॉस खंडाच्या पूर्वेला समुद्रापार असलेल्या व्यापारी शहरांना त्याने भरपूर '-ई' वाटले, आणि वर्णनाचा एक शब्द न लिहिता मसाल्याचा वास पानावर आला. (आपल्याला ब्राव्होसी-पेंटॉशीचं नवल वाटत नाही, ते बनारसी-मद्रासीच्या पंगतीतलेच वाटतात.) घोड्यावर जगणाऱ्या दोथ्राकींचं तर देशाशी देणंघेणंच नाही. मालिकेसाठी त्यांची भाषा रचणाऱ्या डेव्हिड पीटरसनने हे नाव 'स्वार होणे' या अर्थाच्या क्रियापदाशी जोडून दिलं. दोथ्राकी म्हणजे स्वार. ज्याला गावच नाही, त्याचं नाव गावावरून कसं पडणार?

नाव गेलं, माणूस राहिला

काही नावं तर पुस्तकातून पळूनच गेली. टॉमस मोरने १५१६ मध्ये 'युटोपिया' लिहिलं, तेव्हा युटोपियन म्हणजे त्या बेटाचा नागरिक. आज युटोपियन म्हणजे ज्याची योजना कागदावर छान दिसते आणि प्रत्यक्षात एक दिवस टिकत नाही असा माणूस. बेट कुणाला आठवत नाही.

जोनाथन स्विफ्टचा हात तर याहून भारी. १७२६ साली आलेल्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधल्या लिलिपुशियनचा अर्थ इंग्रजीत 'इवलासा' असा झाला. आपल्याकडे एवढं प्रत्ययाचं ओझं कोण वाहणार? आपण बुटक्या माणसाला सरळ लिलिपुट म्हणून मोकळे होतो, म्हणजे माणसालाच देश करून टाकतो. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या भागात घोड्यांचं शहाणं राज्य आहे. त्यांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग मोठ्याने वाचलं की खिंकाळल्यासारखं वाटतं, आणि ते मुद्दामच तसं आहे. त्या राज्यात चिखलात लोळणारे, भांडखोर, माणसासारखे दिसणारे जे प्राणी आहेत, ते याहू. पुढे 'याहू' ही इंग्रजीत आडदांड माणसाला द्यायची शिवी झाली, आणि १९९० च्या दशकात स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी तीच आपल्या संकेतस्थळाला लावून त्यावर अब्जावधींची कंपनी उभी केली.

दोन नावांची माणसं

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा टोल्किन हा भाषेचा प्राध्यापक, त्यामुळे त्याच्या जगात नावं अशी वरवर ठेवून चालत नाहीत. रोहनच्या घोडेस्वारांना आपण रोहिरिम म्हणून ओळखतो. पण हे नाव त्यांचं नव्हेच. ते एल्फ लोकांच्या भाषेतलं आहे आणि वापरतात ते शेजारच्या गोंडोरचे लोक. घोड्यांचे स्वामी, असा त्याचा अर्थ. हे लोक स्वतःला म्हणतात एओर्लिंगास, म्हणजे एओर्ल नावाच्या मूळ पुरुषाची लेकरं. देशालाही ते रोहन न म्हणता 'मार्क' म्हणतात. बाहेरच्याला त्यांचे घोडे दिसले, त्यांना स्वतःला आपला पूर्वज. दोन नावांत दोन इतिहास बसवलेत, आणि वाचकाला ते शिकवल्यासारखं कुठे वाटतही नाही.

टोल्किनचं भांडण गाजलं ते अनेकवचनावरून. इंग्रजी व्याकरणानुसार 'ड्वार्फ'चं अनेकवचन 'ड्वार्फ्स'. त्याने १९३७ च्या 'द हॉबिट'मध्ये 'ड्वार्व्ह्ज' लिहिलं. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापताना छापखान्याने सद्हेतूने सगळीकडे शुद्धलेखन 'सुधारलं' आणि त्याला एकेक जागा पुन्हा पूर्ववत करून घ्यावी लागली. मुद्रितशोधकांशी ज्यांचं जन्माचं वैर आहे अशा मराठी लेखकांनी इथे एक सुस्कारा सोडायला हरकत नाही. त्याच १९३७ साली डिस्नेच्या हिमगौरीचे सात बुटके पडद्यावर आले, ते मात्र व्याकरणाला धरून 'ड्वार्फ्स'च.

'स्टार वॉर्स'मधले अस्वलासारखे गुबगुबीत ईवॉक सगळ्या जगाला ठाऊक आहेत. पण १९८३ च्या ज्या चित्रपटात ते अवतरले त्यात 'ईवॉक' हा शब्द एकही पात्र उच्चारत नाही. तो येतो शेवटच्या श्रेयनामावलीत. उरलेलं काम खेळण्यांच्या दुकानांनी केलं.

अंतराळातले फिरंगी आणि आपले टोपीकर

१९८७ साली 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेत एक नफेखोर, हिशेबी जमात आली. नाव फेरेंगी. मराठी माणसाने हे ऐकून दचकायला हवं, कारण हा आपला फिरंगीच आहे. युरोपातले फ्रँक लोक अरबी-फारसीत फरंग-फिरंग झाले, तिथून आशियाभर पसरले, आणि व्यापारासाठी काहीही करणाऱ्या परक्याचं हे नाव हॉलिवूडने उचलून दूरच्या ग्रहावर नेऊन ठेवलं. आशियाने गोऱ्यांना दिलेलं नाव गोऱ्यांनी परग्रहवासीयांना दिलं. याला म्हणतात परतफेड!

मराठी कागदपत्रांत फिरंगी म्हणजे बहुतेक वेळा पोर्तुगीज. आणि इथे आपल्या पूर्वजांची कल्पकता पाहावी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात युरोपीय व्यापाऱ्यांची यादी येते: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. वलंदेज म्हणजे हॉलंडवाले, फरासीस म्हणजे फ्रेंच, आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. 'डिंगमार' हा शब्द टोल्किनला सापडला असता तर त्याने निदान एक राक्षससैन्य तरी त्या नावाने उभं केलं असतं. या सगळ्यांना मिळून एक शब्द होता, टोपीकर. इतरांना गावावरून 'कर' लागतो, यांना डोक्यावरच्या वस्तूवरून लागला. कुठल्या देशाचे आहात हे बघायला वेळ कुणाला होता. टोपी दिसली, पुरे.

पाणिनीची सोय

हे सगळं नियमात बसवण्याचं काम पाणिनीने फार पूर्वी करून ठेवलंय. अष्टाध्यायीत लागोपाठ दोन सूत्रं आहेत: एक 'निवास'बद्दल, दुसरं 'अभिजन'बद्दल. माणूस सध्या जिथे राहतो तो त्याचा निवास, आणि पूर्वज जिथे राहत होते तो अभिजन. प्रत्यय दोन्हींवरून लागतो, पण अर्थ वेगळा. पुण्यात तीन पिढ्या काढूनही 'आम्ही मूळचे राजापूरचे' म्हणणाऱ्यांची अडचण व्याकरणाने इतक्या आधी ओळखली होती.

आणि आपली महाकाव्यं? ती तर डेमोनिमवरच उभी आहेत. केकय देशाची कैकेयी, कोसलाची कौसल्या, गांधारची गांधारी, मद्राची माद्री, पांचालांची पांचाली, मिथिलेची मैथिली. सासरी आल्यावर बायकांचं नाव बदलायची पद्धत आपण पाहिली. इथे तर माहेरचा देशच नाव होऊन बसला. यातल्या कित्येकींचं घरात हाक मारायचं नाव काय होतं, कुणास ठाऊक! हस्तिनापुरात दुसरी एखादी गांधारची मुलगी सून म्हणून आली असती तर हाक कशी मारली असती, याची चिंता व्यासांनी केलेली दिसत नाही.

ग्रहांची गैरसोय

सगळ्यात अवघड जागी दुखणं आहे ते शुक्राचं. लॅटिनच्या नियमाने व्हीनसचं विशेषण होतं 'व्हेनेरियल'. पण ते गुप्तरोगांनी आधीच अडवून ठेवलं होतं. सभ्य खगोलशास्त्रज्ञांनी मग व्हीनस देवीच्या सिथेरा बेटावरून 'सिथेरियन' हा शब्द काढून बराच काळ वेळ निभावली. विज्ञानकथावाल्यांनी सरळ 'व्हीनुशियन' केलं. मराठीने हसू नये, आपल्याकडेही शुक्राला प्रत्यय लावायचा म्हटलं की जीवशास्त्राचं पुस्तक उघडतं. मंगळाचीही तीच तऱ्हा. इंग्रजीत मार्शियन म्हटलं की एच. जी. वेल्सचे १८९८ चे आक्रमक डोळ्यांपुढे येतात. मराठीत मंगळाला '-ई' लावून पाहा, थेट पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींकडे जाल. म्हणून आपण गुपचूप 'मंगळवासी' म्हणतो. चंद्राच्या रहिवाशांना वेल्सने १९०१ साली 'सेलेनाइट' असं ग्रीक नाव दिलं. चंद्रकर कुणालाच सुचलं नाही.

पुढे लावायचं की मागे?

आता वकांडा. जुलै १९६६ च्या 'फँटॅस्टिक फोर'च्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हा देश निर्माण केला. कधीही कुणाची वसाहत न झालेला हा आफ्रिकी देश, पण त्याच्या नागरिकाला प्रत्यय लागला इंग्रजीचा: वकांडन. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बऱ्याच भाषांत असलं काम शब्दाच्या पुढच्या टोकाला होतं. स्वाहिलीत एक केनियन म्हणजे 'म्केन्या', अनेक म्हणजे 'वाकेन्या'. बोत्स्वानात एक माणूस मोत्स्वाना, अनेक बात्स्वाना. त्या हिशेबाने स्वाहिली कानाला 'वाकांडा' हेच मुळी 'कांडा लोक' असं ऐकू येईल. म्हणजे वकांडन हे एकाच माणसाला दोनदा टोपी घालणं झालं.

खऱ्या आफ्रिकेने यापेक्षा सुरेख उत्तर शोधलंय. अपर व्होल्टा या देशाचं फ्रेंच अमलातलं नाव टाकून ४ ऑगस्ट १९८४ रोजी थॉमस सँकारा यांच्या सरकारने बुर्किना फासो हे नाव घेतलं. 'बुर्किना' मोरे भाषेतलं, 'फासो' द्युला भाषेतलं. दोन भाषांची सोय झाली, तिसरी उरली. म्हणून नागरिकांसाठी प्रत्यय घेतला फुलानी लोकांच्या भाषेतला, आणि शब्द झाला 'बुर्किनाबे'. एका डेमोनिममध्ये भाषावार समतोल साधणारं असं मंत्रिमंडळ दुसरं नसेल.

आपला 'कर' कुठे चालतो, कुठे नाही

समजा, तुम्हीच मराठीत एक राज्य रचायला बसलात. 'कर' लावायचा मोह होणारच. पण 'कर'चे स्वतःचे काही नियम आहेत, आणि ते आपल्याला न शिकता येतात. एक म्हणजे तो गावाला लागतो, मुलखाला सहसा नाही. नागपूरकर होतो, वऱ्हाडचा मात्र वऱ्हाडी, रत्नागिरीकर होतो, कोकणचा मात्र कोकणी, खानदेशी, माणदेशी. गोवेकर आणि गोंयकार हे ठसठशीत अपवाद, पण गोवा कुठल्या नियमात कधी बसलाय? तेव्हा ब्राव्होसकर चालेल, अख्ख्या खंडाचा वेस्टेरॉसकर मात्र नाटकातल्या विनोदी पात्रासारखा वाटेल.

दुसरं, 'कर' माणसाला आणि '-ई' मालाला. कोल्हापूरकर चालतो तो कोल्हापुरी घालून. सोलापूरकर झोपतो सोलापुरी चादर घेऊन. पैठणकर बाई पैठणी नेसते. पुणेकर मात्र पुणेरी असू शकतो, पण मग तो पाटी किंवा पगडीच्या जवळपास गेलेला असतो. म्हणजे ब्राव्होसची तलवार 'ब्राव्होसी' आणि ती उगारणारा 'ब्राव्होसकर', हा भेद पाळलात तर वाचकाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि आकारान्त गावांचं काय? बडोद्याचा बडोदेकर, पण साताऱ्याचा सातारकर. वकांडा देश आहे हे घटकाभर विसरलो, तर तो कुठल्या वाटेने जाणार? माझं मत वकांडेकर. वकांडकर म्हटलं की पेढीवर मुनीम बसल्याचा भास होतो. अर्थात 'वकांडावासीयांनो' अशी हाक घालून भाषणच ठोकायचं असेल तर 'वासी' हवा, आणि पासपोर्टवर छापायचं असेल तर भारतीयच्या चालीवर 'वकांडीय'. एकाच माणसाची ही तीन रूपं: शेजारी, श्रोता आणि अर्जदार.

'कर'ची ताकद बघायची असेल तर रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल ज्यूंकडे बघावं. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. यातली पुष्कळ घराणी पुढे इस्रायलला गेली आणि कोकणातली गावं आडनावांतून भूमध्य समुद्राकाठी पोचली. पाणिनीच्या भाषेत निवास सुटला, अभिजन टिकला.

नसलेल्या देशांचे असलेले नागरिक

१ एप्रिल १९७७ रोजी लंडनच्या 'गार्डियन'ने हिंदी महासागरातल्या सान सेरिफ या देशावर सात पानी पुरवणी काढली. देश अर्थातच बनावट, आणि दोन बेटं मिळून आकार अर्धविरामचिन्हाचा. सगळी नावं छपाईतली: राजधानी बोदोनी, हुकूमशहा जनरल पायका. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांचे वंशज म्हणे 'कोलन', मूळ रहिवासी 'फ्लाँग' (छपाईचा साचा घ्यायचा तो जाड कागद), आणि मिश्र वंशाचे लोक 'सेमीकोलन'. खिळे जुळवणाऱ्या पिढीतल्या कुणीही हे वाचून चहा सांडला असता. बऱ्याच साध्या वाचकांनी मात्र तिथे सहलीला कसं जायचं याची चौकशी केली.

पण माझा आवडता कल्पित नागरिक पोल्देव्हियाचा. १९२९ साली फ्रान्समध्ये एका उजव्या पत्रकाराने डाव्या खासदारांना पत्रं धाडली: जमीनदारांच्या टाचेखाली चिरडलेल्या बिचाऱ्या पोल्देव्ह लोकांसाठी आवाज उठवा. सह्या करणाऱ्यांपैकी एकाच्या नावाचा उच्चार फ्रेंचमध्ये जवळपास 'अस्तित्वात नसलेला' असा होत होता. तरी काही खासदारांनी सहानुभूतीची उत्तरं पाठवली. इथे आधी नागरिक आले, देश नंतर.

पुढे हा रिकामा देश फ्रान्सच्या तरुण गणितज्ञांनी बळकावला. ते सगळे मिळून निकोला बुर्बाकी या खोट्या नावाने ग्रंथ लिहीत, आणि बुर्बाकींचं गाव म्हणून त्यांनी पोल्देव्हिया लावून टाकलं. त्यांच्यातला आंद्रे वेल त्याआधी अलिगढला शिकवायला होता. त्याच्या चिथावणीवरून तिथल्या एका तरुण सहकाऱ्याने १९३१ मध्ये 'बुर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेया'वर गंभीर चेहऱ्याने एक शोधनिबंध छापला आणि ते प्रमेय कुण्या रशियन गणितज्ञाच्या नावावर खपवलं. बुर्बाकी हे नाव गणिताच्या नियतकालिकात पहिल्यांदा आलं ते असं. हा सहकारी म्हणजे गोव्यात जन्मलेले आणि पुढे पुण्यात स्थायिक झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी.

बुर्बाकी मोठे झाले. १९३९ मध्ये त्यांच्या 'कन्ये'च्या लग्नाची पत्रिका निघाली, तीत ते पोल्देव्हियाच्या रॉयल अकादमीचे सदस्य होते. मग त्यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे वैयक्तिक सदस्यत्वासाठी अर्ज केला. सोसायटीने पोल्देव्हिया कुठे आहे असं विचारलं नाही. तिने एवढंच कळवलं, की तुम्ही एक माणूस नाही, संस्था म्हणून अर्ज करा. त्याची वर्गणी मात्र जास्त पडेल.